मेळाचं जेवण

आमच्या गावच्या मंडळीत भांडण मिटवायची एक रीत होती आणि ती रीत चांगली होती, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, म्हातारी सगळ्यांवरच थुंकत सुटली. मंडळी म्हणजे आमच्या छोट्या चर्चची माणसं. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. पाळकसाहेब चंद्रपूरला राहायचे आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला द्यायला यायचे. पावसाळ्यात नाला चढला की तेही नाही. मधल्या काळात मंडळीचे तीन पंच सगळा कारभार बघायचे. कोणाची बकरी कोणाच्या धानात शिरली, कोणी बांध कोरला, कोणी रागात काठी उगारली, की पंच बसायचे आणि मेळ ठरवायचे. ज्याची चूक त्याने बकरा कापायचा, साऱ्या मंडळीला जेवण द्यायचं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या पानावर स्वतःच्या हाताने वाढायचं. त्याने पहिला घास तोंडात घातला की मेळ झाला. मग प्रार्थना, मग सगळ्यांचं जेवण. त्यानंतर ती गोष्ट जो पुन्हा काढील तोच दोषी. खरं तर ही रीत आमचे वाडवडील ख्रिस्ती व्हायच्या आधीची, जंगलातली. तिला आम्ही फक्त प्रार्थना जोडली. बांधाच्या भांडणाला अगदी फर्स्टक्लास रीत. सख्खे भाऊ वर्षभर तोंड फिरवून बसलेले मी पाहिलेत, आणि मेळानंतर त्याच दोघांना एका चिलमीवर गप्पा मारतानाही पाहिलं आहे.

आमचं घर मातीचं, वर कवेलू, पुढे मोठं अंगण. उन्हाळ्यात त्या अंगणभर मोहफुलं वाळत पडायची आणि त्यांचा गोड, आंबूस वास आमच्या कपड्यांत, केसांत, पाण्याच्या गुंडातसुद्धा शिरायचा. सकाळी आंबील, दुपारी भात आणि अंबाडीची भाजी, नाहीतर भात आणि जवसाची चटणी. मटण नाताळला मिळायचं, नाहीतर कोणाचा मेळ असला तर. बाबा बांबू कटाईला जायचे. ते घरी आले की आड्याला कोयता अडकवल्याचा टण् असा आवाज व्हायचा आणि माय चुलीवर पाणी ठेवायची. बाबा बोलायचे कमी. बोलायचं काम माझ्या धाकट्या बहिणीने, रूथने, अंगावर घेतलं होतं. माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती बोलत नसली तर गुणगुणत असायची. भांडी घासताना, शेळीला पाला टाकताना, परसाकडे जातानासुद्धा. माय वैतागायची आणि म्हणायची, हिच्या तोंडाले जरा झाकण लावा कोणीतरी.

मंडळीत गाणी शिकवायला एक मास्तर होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याची नातवंडं कुठेतरी असतील, त्यांचा काय दोष? आठवडाभर तो शिवणकाम करायचा आणि गुरुवारी दुपारी पोरींना चर्चमध्ये गाणी शिकवायचा. पेटी वाजवणारा गावात तो एकटाच, म्हणून त्याला मान केवढा! पंच त्याला खुर्ची द्यायचे. त्याने मला पुढच्या रांगेत घेतलं तेव्हा बाबा खूश होऊन दोनदा चहा प्यायले. आम्हा सगळ्या पोरींना तो बेटा म्हणायचा. आजही एखादा परका पुरुष पोरीला लाडाने बेटा म्हणाला की माझे कान उभे राहतात. त्यात बिचाऱ्या कितीतरी भल्या माणसांवर मी अन्याय करत असेन, पण माझा इलाज नाही.

सराव संपला की पेटी पुसायच्या निमित्ताने तो मला मागे ठेवून घ्यायचा. तिथे जे झालं ते मी लिहिणार नाही. वाचणाऱ्या बायांपैकी ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी तपशील मागू नये. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चाललं, एवढं पुरे. चमेलीचं तेल आणि तंबाखू, हे दोन वास एकत्र आले की अजून मी तिथून उठून जाते. घरी जायच्या आधी मी नाल्यावर जायची आणि चुलीतली राख नेऊन तिने हातपाय घासायची, चामडी लाल होईपर्यंत. माय शेजारणीला कौतुकाने सांगायची की पोट्टी आता शहाणी झाली, किती स्वच्छ राहाते. हे ऐकून मला माझीच किळस यायची. त्याची यायला हवी होती, पण माझी यायची. मला वाटायचं, काहीतरी घाण माझ्यातच आहे, ती त्याला बरोबर दिसली.

मी कधीच सांगितलं नसतं. पण एके दिवशी रूथ नाचत घरी आली. मास्तर म्हणाला होता, पुढच्या आठवड्यापासून तुलाही गाण्यात घेतो. तुझा गळा तुझ्या बहिणीहून चांगला आहे. माय सुपात तांदूळ निवडत बसली होती. रूथ बाहेर जाताच मी मायच्या समोर बसले आणि चार वाक्यांत सांगून टाकलं. कशी सांगितली ती वाक्यं, देव जाणे. मायचे हात थांबले. तिने एवढंच विचारलं, कोणाला सांगितलंस? मी म्हटलं, कोणालाच नाही. मग ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली, पण खडे सुपातच ठेवून चांगले दाणे फेकून देत होती. संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. मला वाटलं, बाबा आड्यावरचा कोयता काढतील. त्यांनी काढला नाही. डोकं धरून बसले आणि सकाळी उठून पंचांकडे गेले.

पंचांनी मास्तरला बोलावलं. मला दाराजवळ खाली बसवलं. मास्तर रडला. असा रडला, काय सांगू! नाक वाहतंय, शर्टाच्या बाहीला पुसतोय, सैतानाने मोहात पाडलं म्हणतोय, चूक झाली म्हणतोय. चूक! बकरी धानात शिरते, त्याला चूक म्हणतात. एका पंचाने उठून त्याला पाणी दिलं. मला पाणी कोणी विचारलं नाही. माझ्याही घशाला कोरड पडली होती, हे मला पक्कं आठवतं, कारण त्या पाण्याच्या गडव्याकडेच मी बघत बसले होते. मग मोठे पंच माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ.

“पोरी, तू माफ नाई केलं, त प्रभू तुले माफ करन का?”

मला कशाबद्दल माफ करायचं होतं प्रभूने? मी खूप विचार केला, आणि लाजेने मेले, कारण मला वाटलं की यांना माझ्याबद्दल काहीतरी माहीत असणार. पंचांनी ठरवलं की रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजनाला येणार आहेत, मनात वैर ठेवून ते घेता येत नाही, तेव्हा शनिवारी मेळ उरकून घ्यायचा. मास्तरने बकरा द्यायचा. पाळकसाहेबांच्या कानावर घालायचं नाही, गावाची गोष्ट गावात. मेळ झाला की झालं गेलं संपलं, मास्तर आपली पेटी वाजवेल आणि रूथ ठरल्याप्रमाणे पुढच्या गुरुवारपासून गाण्याला जाईल. न पाठवलं तर त्याचा अर्थ, आपण मनापासून माफ केलं नाही. बाबांनी मान हलवली. मला त्या मान हलवण्याचा इतका राग आला की मी बरेच दिवस बाबांचं ताट वाढलं नाही.

पण मला एक गोष्ट समजली होती. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी पहिला घास माझ्याच तोंडात जायचा होता. मी घास घेतला नाही, तर मेळ नाही. मेळ नाही, तर मास्तर पेटीवर बसू शकत नाही आणि रूथ त्याच्या हाती लागत नाही. इतकं सोपं. मी मनाशी ठरवलं, मरेन पण खाणार नाही. आणि माझी अक्कल बघा! निर्धार पक्का व्हावा म्हणून मी गुरुवारपासूनच जेवण बंद केलं. सराव म्हणून. मायला वाटलं रुसली आहे, तिने दोनदा वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं. शुक्रवारी बायांबरोबर मीही दुर्पताबाईच्या अंगणात पत्रावळी लावायला बसले. दुर्पताबाई म्हणजे मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, मोठ्या जेवणाचा स्वयंपाक तिच्याकडे. घरात गोंडी बोलायची, आमच्याशी मराठी. पळसाची पानं, बांबूच्या काड्या, आणि सगळ्या बाया गप्प. एरवी पत्रावळी लावताना कोणाच्या सासूची खैर नसायची. त्या दिवशी कोणी माझ्याकडे बघेना. जिच्या पानावर उद्या हे वाढलं जाणार तीच आपलं पान टाचते आहे, हे त्यांना दिसत असणारच. बाया होत्या त्या, आंधळ्या नव्हत्या.

शनिवारी दुपारी चर्चसमोर पंगत बसली. मोठ्या गंजात मटण रटरटत होतं. मला पहिल्या पानावर बसवलं. मास्तर हातात वाडगं घेऊन आला. धुतलेलं धोतर, डोळे खाली, एखाद्या संतासारखा. भात वाढला, रस्सा घातला, आणि काळजाचा एक तुकडा निवडून माझ्या भातावर ठेवला.

“घे बेटा,” तो म्हणाला.

मी मुठी मिटून बसले. सगळी पंगत माझ्या हाताकडे बघत होती. रस्सा भातात मुरत होता, वाफ नाकात जात होती, आणि शी! कसं लिहू हे, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दोन दिवसांची भूक. पोटात असा पीळ पडला की डोळ्यांपुढे काळं झालं. हात उघडला. तो माझाच हात होता. मी घास घेतला, आणि पंगतीतून सुटकेचा एक श्वास निघाला, मोठे पंच प्रार्थनेला उभे राहिले, आणि प्रार्थना चालू असताना मी खात होते. थांबता येईना. काळजाचा तुकडा खाल्ला. वर रस्सा मागून घेतला. चव चांगली होती. हे लिहायलाच मला साठ वर्षं लागली की चव चांगली होती.

पंगत उठली तेव्हा मी चर्चच्या मागे जाऊन सगळं ओकून टाकलं. ओकून काय होतं? घास मोजला गेला होता. घरी आल्यावर मी मायला म्हटलं, माय, रूथले नोको पाठवू. माय चूल पेटवत होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“जेवलीस ना तू,” ती म्हणाली. “आता काढू नोको ते.”

मी पुढे चंद्रपूरला नर्स झाले, तीस-पस्तीस वर्षं वॉर्डात काढली. मार खाऊन आलेल्या बाया पाहिल्या, घरातल्याच माणसाने ओरबाडलेल्या पोरी पाहिल्या. प्रत्येकीच्या खाटेशी कोणीतरी नातेवाईक उभा असायचाच, अगदी मऊ आवाजात, सोडून दे, माफ कर म्हणणारा. आमच्यातले असले तर वर येशूचं नाव घेऊन. मला त्या मऊ आवाजाची जेवढी किळस आहे तेवढी जखमेतल्या पुवाची नाही. पू मी हाताने साफ केला आहे. प्रभूने क्षमा करायला सांगितलं, बरोबर. पण वधस्तंभावर तो बोलला ते स्वतःहून बोलला. त्याच्यापुढे पान वाढून, तीन पंच भोवती बसवून कोणी ते त्याच्याकडून वदवून घेतलं नव्हतं. एवढा साधा फरक कळायला शास्त्री व्हावं लागत नाही. दुर्पताबाईला तर वाचताही येत नव्हतं.

तिची भांडी परत द्यायला माय मला पाठवायची, तशी मेळाच्या संध्याकाळीही पाठवली. बाई राखेने गंज घासत होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, काऊन गं, ओकलीस का? मी हो म्हटलं. रिकाम्या पोटी मटण पडल्यावर दुसरं काय होणार, असं मीच वर सांगितलं. तिचे हात थांबले. रिकाम्या पोटी म्हणजे? मग मी गुरुवारपासूनचं सांगितलं. तिने गोंडीत एक शिवी हासडली. कोणाला ते कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

“तुले घरून जेवू घालून नाई आनलं?”

“नाई.”

“मंग तो मेळ कायचा? रीत आमची हाय, मले माहीत हाय. ज्याचं नुकसान झालं त्याले आधी त्याच्या घरी पोटभर खाऊ घालतेत. मंग पंगतीत आनतेत. भरल्या पोटी घास घेतला त तो मनाचा. उपाशी पोटी घेतला त तो भुकेचा. भुकेच्या घासाले कोनी माफी म्हनते का?”

पंचांनी रीत घेतली होती, पण तिचा हा अर्धा भाग कुठेतरी टाकून दिला होता. कदाचित विसरले असतील. बांधाच्या भांडणात माणूस तसाही घरून खाऊनच येतो, म्हणून कोणाला आठवलं नसेल. मी तिथेच राखेत बसले आणि रडले. मास्तरच्या पेटीमागे मी कधी रडले नव्हते, पंचांपुढे नाही, मायपुढे नाही. बाईने मला जवळबिवळ घेतलं नाही. हात काळे आहेत म्हणाली, आणि घासत राहिली.

रविवारी पाळकसाहेब आले. शहरातला माणूस, चष्मा, स्वच्छ मराठी. मेजावर भाकर आणि प्याला, वर पांढरा कपडा. मास्तर पेटीवर. रूथ पहिल्या रांगेत, त्याच्या अगदी समोर, गाण्याचं पुस्तक मांडीवर घेऊन. दरवेळी विचारायचे तसं पाळकसाहेबांनी विचारलं की कोणाच्या मनात कोणाविरुद्ध काही असेल तर आताच सांगावं. हे विचारून ते क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे, कारण कोणी कधी काही बोलत नसे. मी उभी राहिले. जी वाक्यं रात्रीपासून घोकली होती त्यातलं फक्त शेवटचं तोंडात आलं.

“मी उपाशी होती,” मी म्हटलं.

पाळकसाहेबांना काही समजलं नाही. ते मायेने म्हणाले, बाळ, उपासना झाली की जेवायला मिळेल. दोन-चार जण हसले. मी बसणारच होते, तेवढ्यात मागून दुर्पताबाई उठली आणि म्हणाली की काल मेळ झाला, पोट्टीला उपाशी ठेवून घास घ्यायला लावला, म्हणून तो मेळ झालाच नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. त्यांना आमची रीत ठाऊकच नव्हती. कसला मेळ, त्यांनी विचारलं. कशाबद्दल?

आता कोण सांगणार? आमच्यात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणाला कधी बोलावं लागलं नव्हतं. मोठे पंच उठून हसत म्हणाले, काही नाही साहेब, लहानशी गोष्ट आहे, मिटली. आणि मग बाबा उभे राहिले. बाबा मंडळीत कधीच बोलायचे नाहीत, प्रार्थनासुद्धा मनातल्या मनात करायचे.

“लहान नाई साहेब,” ते म्हणाले. “या मास्तरनं माह्या पोरीवर अत्याचार केला. एक दिवस नाई, वर्षभर. आन् मी काल याच्या हातचं मटन खाल्लं.”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाळकसाहेबांनी मेजावरच्या भाकरीवर कपडा नीट ओढला आणि म्हणाले, आज इथे प्रभुभोजन होणार नाही. मास्तरला पेटीवरून उठायला सांगितलं. माय रूथला हाताला धरून, जवळजवळ ओढतच, बाहेर घेऊन गेली. सोमवारी पहिल्या बसने पाळकसाहेब मला आणि बाबांना तालुक्याला पोलिसांत घेऊन गेले. तिथे लिहून घेतलं, पण मास्तर तोवर गाव सोडून पळाला होता, आणि तो कधी सापडला नाही. न्याय झाला असं मी लिहू शकत नाही, कारण झाला नाही. कुठल्यातरी दुसऱ्या गावात तो पेटीवर बसला असेल, कोणाला तरी बेटा म्हणत असेल, या विचाराने मी कित्येक वर्षं दात खाल्ले आहेत. पंच आमच्यावर चिडले. मंडळीचं नाव घालवलं म्हणाले. हापशीवर आमची घागर आली की बाया बाजूला व्हायच्या. पण रूथ गुरुवारी कुठे गेली नाही, अंगणात शेळीशी गाणी म्हणत बसली, आणि तिला काय टळलं हे तिला कितीतरी उशिरा कळलं. माझ्याकडे जे काही जिंकलेलं आहे, ते तेवढंच.

पोलिसांकडून आम्ही परत आलो तेव्हा दुपार कलली होती. बाबा अंगणात बसले. माय आत होती. मी पाणी प्यायला गेले, तर ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. मग म्हणाली की ती ओकारी तिला दिसली होती, शनिवारी, चर्चच्या मागे. दिसूनही ती मला ‘जेवलीस ना तू’ म्हणाली होती. पदराने तोंड पुसत होती, पण रडत नव्हती. मास्तरचं रडणं पाहून झाल्यावर मला रडणाऱ्या माणसांचा वीट आला होता. ती रडली असती तर मी तिथून निघून गेले असते.

“मी चुकली,” माय म्हणाली. “मले माफ करशीन का?”

मी तिच्याकडे पाहिलं. प्रेम नव्हतं असं नाही. पण पोटातून जे वर येत होतं ते अजून कडूच होतं, आणि खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

“आत्ता नाई,” मी म्हटलं.

मला वाटलं, ती प्रभूचं नाव काढेल. मऊ आवाजात काहीतरी म्हणेल. मी दार कुठे आहे ते बघून ठेवलं होतं.

“बरं,” माय म्हणाली, आणि माझ्या वाटेतून बाजूला झाली.